हामादीचा हिरवा भुईमूग

हामादी बा याच्याविषयी लातिर फायला खरं किती माहीत होतं? फार थोडं. बांधाला बांध लागून तेवीस पावसाळे दोघांनी भुईमूग केला, पण नदीकाठचं आपलं गाव हामादीने का सोडलं, हे लातिरने कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तरात थट्टाच मिळाली असती. लातिर सेरेर, म्हणजे शेतकरी; हामादी फुलानी, म्हणजे मेंढपाळ. या दोन जमातींत थट्टेचं नातं पूर्वजांपासूनचं. एकमेकांना गुलाम म्हणायचं, खादाड म्हणायचं, अगदी मयताच्या दारातही, आणि ऐकणाऱ्याने राग मानायचा नाही. मनातला हेवा लपवायला लातिरला हे नातं फार सोयीचं होतं.

कारण हेवा होताच. पाऊस ओसरू लागला की लातिरच्या भुईमुगावर काळे ठिपके पडत, आठवड्याभरात पानं गळून नुसत्या काड्या उरत. ठिपके पडले म्हणजे शेंग पिकली, असं गावात सगळेच मानत. लातिर उपटायला घेई. बांधापलीकडे मात्र हामादीचं शेत हिरवंगार.

"तुझा भुईमूग अजून आईचं दूध पितोय का रे?" लातिर ओरडून विचारी.

"तुझा आजारी आहे, गुलामा. ते पिकणं नव्हे. जुना पाला वेचून जाळ, जागा बदल, तिथे बाजरी लाव."

"सेरेरला शेती शिकवतोय मेंढपाळ."

दोघं हसत. पण बापाची जमीन सोडून दुसरीकडे भुईमूग लावायचा, हे लातिरला थट्टेतही रुचत नसे. मग दोन-अडीच आठवड्यांनी हामादीच्या अंगणात शेंगांची रास लागे, लातिरच्या राशीच्या दुप्पट, आणि वर मेंढ्यांना हिरवा पाला. लातिरची बायको सिगा एकदा म्हणाली, "त्यांच्या घरी माफे खाल्लं, दाण्याच्या रश्शातलं. रश्शाला काय दाटपणा होता. दाणाच तसा." त्या रात्री लातिर जेवला नाही.

एका सुगीत हामादी आठवडी बाजाराला गेलेला पाहून लातिर त्याच्या शेतात शिरला. शेंगा अजून कोवळ्याच आहेत, हे त्याला स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं होतं. एक झाड उपटलं. झाडाबरोबर सगळ्या शेंगा वर आल्या. एक फोडली, टरफल आतून काळपट, पुरत्या पिकल्या शेंगेसारखं, दाणा टपोरा, गुलाबी. घरी येऊन त्याने आपल्या राशीतली शेंग फोडली. टरफल आतून पांढरंफेक, दाणा सुरकुतलेला. मग तो शेतात गेला आणि बोटांनी माती उकरू लागला. देठ कुजून तुटलेल्या कितीतरी शेंगा मातीतच राहिल्या होत्या.

म्हणजे इतकी वर्षं हा माणूस खरं सांगत होता, आणि आपण हसत होतो. शेंगांचा हेवा एक वेळ सोसवत होता. आता त्याच्या खरेपणाचाही हेवा वाटू लागला.

सकाळी हामादी बांधावर आला. "माझ्या शेतात चोर शिरला होता. एकच झाड नेलं. सेरेरच असणार. फुलानी असता तर गाडी घेऊन आला असता."

"एका झाडासाठी रडतोस, खादाडा?" लातिर म्हणाला.

पुढच्या पावसात त्याने काही न बोलता जुना पाला वेचून जाळला, बापाच्या तुकड्यात बाजरी पेरली आणि आधी बाजरी असलेल्या रानात भुईमूग लावला. पाऊस ओसरला तरी पानं टिकली. काही ठिपके आले, पण झाडं उघडी पडली नाहीत. तरीही लातिर दिवसातून दहादा बांधावर जाऊन पाही, कुणाचं शेत जास्त हिरवं. हामादीचंच होतं.

हामादीला हे सगळं शिकवलं कुणी, ते आज विचारावं, उद्या विचारावं, असं लातिरच्या मनात होतं. तेवढ्यात हामादी लेकीकडे गेला आणि तिथेच तापाने वारला. निघताना त्याने गाडी बांधाशी थांबवली होती.

"अजून उपटला नाहीस?"

"दूध पितोय अजून."

"मग राखण कर. इकडे एक झाड चोरणारा माणूस आहे."

"चालता हो, गुलामा."

"मंगळवारी येतो. मेंढ्यांना पाणी दाखव."

"दाखवतो."