दाणे आणि कढण

कढण हा शब्द आमच्या घरात आता माझ्यापुरता आणि आईपुरताच उरलाय. मी लखनौच्या अलीगंजात राहते, आई दादाकडे, तिथल्याच विकास नगरला. दादाच्या मुलांना ‘दाल का पानी’ म्हटलं की कळतं, आणि कळलं की ती नाकं मुरडतात.

शब्द जुना आहे. कडधान्य शिजवून वरचं जे पाणी काढून घेतात ते कढण, एवढाच त्याचा अर्थ. पण ते कोणाच्या पुढ्यात येतं त्याप्रमाणे त्याचा मान बदलत गेला. आजाऱ्याला ते पथ्य, बाळंतिणीला ताकद. वडील रेल्वेत इंजिनियर म्हणून लखनौला आले, तेव्हा क्लबातल्या मेजवानीत तेच पांढऱ्या वाडग्यात सूप होऊन आलं आणि आईला हसू आवरेना. कारण तिच्या माहेरी, माणदेशात, कढण म्हणजे बायकांचं जेवण. मोठ्या पातेल्यात हुलगे शिजायचे. दाणे पुरुषांना आणि औताच्या बैलांना. राहिलेल्या पाण्यात मीठ-लसूण घालून बायकांनी त्यात भाकरी कुस्करायची. ‘बैलबी दाणं खायाचं बघ,’ असं आई हसत हसत सांगायची. मला त्यात हसण्यासारखं कधी काही दिसलं नाही.

लखनौला घरात काही कमी नव्हतं, तरी आईची सवय गेली नाही. उसळ केली की दाणे वडिलांच्या आणि दादाच्या ताटात, आणि ही ओट्याशी उभी राहून वाटीतलं पाणी पिणार. मी भांडायचे. ती म्हणायची, ‘मला हेच आवडतं.’ पुढे पुढे मी भांडायलाही कंटाळले.

यंदा तिच्या अन्ननलिकेत गाठ निघाली. घास उतरेना. डॉक्टर म्हणाले, सिर्फ लिक्विड. मी अमीनाबादचा बाजार पालथा घालून हुलगे मिळवले, इकडे त्यांना कुलथी म्हणतात, आणि लसणाची फोडणी देऊन कढण करून नेलं. आईनं एक चमचा घेतला आणि तोंड फिरवलं.

“पाणी नगं आता,” ती म्हणाली. “जलमभर पाणीच प्याले. दाणं आण.”

“आई, गिळता नाही येणार गं.”

“गिळत न्हाई. नुस्तं चावते आन् थुकते. चव तरी कळंल.”

तिनं स्वतःसाठी काही मागितल्याचं मला आठवत नाही. साडीसुद्धा नाही. घरी येऊन मी हुलगे भिजत घातले आणि दुसऱ्या दिवशी उसळ केली. कांदा परतला, खोबरं वाटलं, तिखट जरा जास्तच घातलं. इतकं मन लावून मी आजवर कोणासाठी स्वयंपाक केला नव्हता.

डबा घेऊन गेले तर दादा दारातच.

“यह क्या है? उसळ? पागल झालीस का तू? डॉक्टरने साफ मना किया है.”

“नुसतं चावायचंय तिला. मी बसते ना शेजारी.”

“और अटक गया तो? नाही म्हणजे नाही, यार.”

त्यानं माझ्या हातातून डबा घेतला आणि फ्रिजमध्ये ठेवला. तो घाबरला होता, हे मला दिसत होतं. आईवर त्याची माया नाही असं मी कधीच म्हणणार नाही. पण माझं डोकं असं फिरलं की आईच्या खोलीत न जाताच मी परत निघाले.

दुसऱ्या दिवशी तो ऑफिसला गेल्यावर मुद्दाम गेले. आज तिला फ्रिजमधल्या डब्यातले दाणे चारायचेच, असं ठरवूनच. सोबत थर्मासात थोडं गरम कढणही घेतलं होतं, वहिनीनं विचारलं तर दाखवायला. स्वयंपाकघरात शिरले तर माझा डबा घासूनपुसून ओट्यावर पालथा घातलेला.

वहिनी लखनौचीच. अगदी सहज म्हणाली, “वो तो कल इन्होंने खा ली, दीदी. चावल के साथ. बोले, फेंकनी थोड़ी है. बहुत अच्छी बनी थी.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच आईच्या खोलीत गेले. एकदा तरी तिनं चिडावं, दादाच्या नावानं बोटं मोडावीत, असं मला फार वाटत होतं.

“आई, तुझी उसळ दादानं खाल्ली.”

ती उशीवरून जराशी उठली. कितीतरी दिवसांत तिचा चेहरा असा खुलला नव्हता.

“खाल्ली? समदी?”

“सगळी.”

“आवडली का गं त्याला?”

दादाचा राग होताच. पण त्याहून जास्त राग मला त्या क्षणी तिचा आला, मरायला टेकलेल्या माझ्या आईचा. तिनं माझ्या हातातल्या थर्मासकडे पाहिलं.

“दे ते कढण. कशाला वाया घालवतीस?”

मी वाटी तिच्या ओठांना लावली. घोटाघोटाला थांबत तिनं ते सगळं संपवलं, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, “मला हेच आवडतं.”