चिंगीची मान

सुकापुरात माझा भाकऱ्यांचा धंदा आहे. तांदळाच्या भाकऱ्या, सोबत सुकट नाहीतर कोंबडीचा रस्सा. सोसायट्यांतली माणसं फोन करून मागवतात. भाकऱ्या थापायला हौसा यायची. आपट्याकडच्या कातकरवाडीतली बाई, नवरा मेलेला, पदरात दोन पोरं, हरेश आणि चिंगी. तिच्या हातची भाकरी टम्म फुगायची, पण बाई एक नंबरची हट्टी. मी एकविरेला जाऊन आले की सगळ्यांना पेढा देते. हौसा हात मागे घ्यायची. "ताय, नको. आमच्यात चालत नाय."

"तुमच्यात म्हंजे कोनाच्यात गो?" मी विचारायची. "तुझी आजी काय इंग्लंडातून आली व्हती?"

ती हसायची. येशूच्या प्रार्थनेला जायची ती, दर रविवारी, दोन्ही पोरं घेऊन. नवीन पनवेलात एका इमारतीच्या तळमजल्यावर पास्टर दीपेश यांची मंडळी जमायची. एकदा मी खनपटीलाच बसले, की तू तिथे गेलीसच कशी. तेव्हा म्हणाली, "देवासाठी नाय गेले ताय. दारूसाठी गेले."

तिचा नवरा जगन वीटभट्टीवर पिऊन पिऊन मेला. मरायच्या आधी एकदा त्याने लहानग्या हरेशला आपल्या ग्लासातली पाजली होती. पोरगं झोकांड्या खात पडलं आणि भट्टीवरची सगळी माणसं खदाखदा हसली. हौसाच्या ते काळजात बसलं. प्रार्थनेला जाणारे पुरुष पीत नाहीत, असं कुणीतरी तिला सांगितलं, आणि जगन गेल्यावर ही पोरांना घेऊन गेली. दारूपायी धरलेला देव, पण पुढे तिला तो खरोखर भेटला. हे मी मान्य करते, माझा देव वेगळा असला तरी.

पोरांना तिने असं वाढवलं की विचारू नका. भगताचा अंगारा नाही, गावदेवीचा प्रसाद नाही, शिवी नाही, खोटं नाही. "मान टेकवायची ती एकाच्याच पुढं," हे तर रोजचं. हरेश स्वभावाने मऊ, नको म्हणतानासुद्धा समोरच्याचं मन राखायचा. चिंगी मात्र आईच्या वरताण. एवढीशी होती तेव्हा माझ्याच घरात मला म्हणाली, "मावशी, तुमची देवी दगडाची हाय." हौसाने तिला तिथल्या तिथे धपाटा घातला, पण तोंडावर कौतुक मावत नव्हतं. मी चार दिवस तोंड फुगवून बसले होते.

हरेश बारावी झाला आणि तळोज्याला एका केमिकल कारखान्यात कंत्राटी कामाला लागला. थेंबाला शिवायचा नाही. मुकादम त्याचं नाव घेऊन इतरांना शिव्या घालायचा. मे महिन्यात एक दिवस टाकी साफ करायची होती. बाकीची पोरं कुणाच्या तरी हळदीला जाऊन पिऊन आलेली. मुकादम म्हणाला, हरेश शुद्धीवर आहे, तो उतरेल. उतरला, आणि वायूने आत गुदमरून गेला. पिणारे वाचले, न पिणारा मेला. जाब विचारायला मी एकविरेपुढे उभी राहिले, हौसाच्या देवाचा पत्ता मला कुठे ठाऊक!

दुसऱ्या दिवशी सकाळी ॲम्ब्युलन्स वाडीत आली. मी तिथेच होते. वाडीचं मसण नदीच्या अंगाला आहे, जगनला तिथेच पुरलेला. हौसाला हरेशला बापाशेजारी ठेवायचं होतं. तर तिचा थोरला दीर देवजी आडवा आला. वाडी त्याच्याच शब्दावर चालते. "आमच्या मसनात ठेवायचा तर आमच्या रीतीनं," तो म्हणाला. "गावदेवीला नारळ फोडा, घरातल्या सगल्यांनी मान टेका. मंग माती द्या."

पास्टरनी पनवेलच्या ख्रिस्ती दफनभूमीत फोन लावला. तिथले लोक नीट बोलले, पण जागा फक्त त्यांच्या चर्चच्या सभासदांना होती. पास्टरांची मंडळी वेगळी, हरेश त्यांच्यातला नव्हता. मी माझ्या दिराला, प्रितमला फोन केला. आमच्या पडीक जमिनीचा एक कोपरा दे म्हटलं, साडेतीन हात जागा तर लागते.

"वयनी, डोकं ठिकानावर हाय काय?" तो म्हणाला. "थडगं दिसलं तर बिल्डर वाऱ्याला तरी उभा राहील काय?"

मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. मेल्याला अजून दिवाळीला हाक मारत नाही मी.

उन्हं चढली. हरेशभोवती रचलेल्या बर्फाचं पाणी होऊन अंगणात पसरलं, माश्या बसायला लागल्या. हौसा उशाशी बसून पदराने वारा घालत होती. मग एकदम उठली. "आना नारळ."

"मावशी, थोडं थांबा," पास्टर म्हणाले. "मी आणखी एके ठिकाणी विचारतो."

"तुमचं विचारून व्हईस्तवर माजं लेकरू नासतंय," ती म्हणाली.

गावदेवीच्या दगडावर तिने नारळ फोडला, मान टेकवली. देवजीने चिंगीकडे बघितलं. तेरा वर्षांची पोर, हाताची घडी घालून उभी. "मी नाय," म्हणाली.

हौसा तिच्या कानाशी लागली. मी शेजारीच होते, सगळं ऐकू आलं. "वरून टेकव गो. मनात येशूचंच नाव घे. त्याला समजतं."

"तूच सांगितलंस, असं नसतं करायचं."

"चिंगे, दादा नासतोय!"

"दादानं पन टेकवली नसती."

हौसाने तिची मानगूट धरली. ज्या ताकदीने भाकरी थापायची त्याच ताकदीने तिला खाली दाबलं. कपाळ दगडावर आपटलं, शेंदूर लागला. चिंगी ओरडली नाही, रडली नाही. उठली, बाहीने कपाळ पुसलं आणि पुसतच राहिली. "झालं," देवजी म्हणाला. हरेशला बापाशेजारी माती मिळाली. पास्टर लांब उभे राहून ओठातल्या ओठात प्रार्थना म्हणत होते.

पंधरवड्याने हौसा कामावर आली. भाकऱ्या तशाच फुगतात. चिंगी अजून दर रविवारी प्रार्थनेला जाते, एकटी. तिथे ती माझ्यासाठीसुद्धा मागते म्हणे, आईचं नाव घेत नाही. हौसा घरी बसते. मला हे बघवेना. एक दिवस मी तापलेच.

"जा की गो! तुझा देव काय एवढा कोत्या मनाचा? पोटच्या गोळ्यासाठी केलंस, चोरी नाय केलीस!"

ती पीठ मळत राहिली. "त्यानं माफ केलं ताय. मला आतून कळलंय. पन मी जाऊन बसले की चिंगी उठून बाहेर जाते. मंग मीच जात नाय. तिची तरी प्रार्थना मोडायला नको."

"अगो, पोर हाय. विसरंल."

"नाय विसरायची," हौसा म्हणाली. "मी वाढवलीय तिला."