टकटक्यानं वाजवलेली तुळई

वाळवीवाल्याला सगळे टकटक्या म्हणत. त्याच्या पिशवीत औषधाचा पंप असे, पण खरा भरवसा पेचकसाच्या लाकडी मुठीवर. चौकटीवर, तुळईवर मुठीनं ठोकायचं आणि मान कलती करून ऐकायचं. भरीव लाकूड ठणठणीत बोलतं, पोखरलेलं भोपळ्यासारखं. चाळीस वर्षांत त्याचा निकाल चुकल्याचं कुणाला आठवत नाही.

थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या, घरी ठोकायला निघाला तेव्हा मात्र त्याचे पाय जड झाले होते. भाच्यानं आईला सांगून टाकलं होतं, "मामा लाकूड धड आहे म्हणाला, तर राहा खुशाल. नाही म्हणाला, तर माझ्याकडे यायचं." अक्कानं ते लगेच कबूल केलं. भाऊ आपला, मग निकालही आपलाच, असं तिला वाटलं असावं.

मागच्या खोलीच्या भिंतीला दोन वर्षांपूर्वी ओल आली होती. अक्काला ते पोपडे बघवेनात, म्हणून टकटक्यानंच एका दुपारी त्यावर ऑइलपेंट फासला. ओल आधी वाळू द्यावी, मगच रंगाला हात लावावा, हे तो जगाला सांगत फिरे. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. इथं तर पाषाणही कोरडा नव्हता. पण भिंत चकचकीत झाली तशी अक्का हसली, आणि मेहुणे गेल्यापासून ती हसलीच नव्हती.

रंगाआड ओल कोंडली. आता कपाट सरकवलं, तर वाळवीच्या मातीच्या बारीक नळ्या थेट तुळईपर्यंत चढलेल्या. तो स्टुलावर चढला. मूठ ठोकली. थांबला. पुन्हा ठोकली.

खाली अक्का स्टूल धरून उभी होती. हळूच म्हणाली, "एका कानानं तुला ऐकू येत नाही ना आताशा?"

"नाही येत."

"मग तेवढंच सांग त्याला. नीट ऐकू आलं नाही म्हणावं."

"कानाचं काय घेऊन बसलीस, अक्का. हाताला कळतं."

"काय, मामा?" भाच्यानं दारातून विचारलं.

टकटक्या खाली उतरला, पेचकस पिशवीत टाकला. "घेऊन जा तिला. आणि तो रंग मी लावला होता, हेही ऐकून ठेव."

"मीच लावायला लावला," अक्का म्हणाली, आणि स्टूल उचलून जागेवर ठेवलं.

आता अक्का लेकाकडे तिसऱ्या मजल्यावर असते. भाऊ येतो, चहा होतो, बोलणं सरतं. मग ती म्हणते, "वाजव की जरा."

"सिमेंट आहे हे. याला कोण खातंय?"

"तरी वाजव."

तो उठतो, दुमडलेल्या बोटानं भिंतीवर टकटक करतो, मान कलती करतो.

"काय म्हणतेय?"

"भरीव आहे."

अक्का मान हलवते. ती बसलेली असते त्याच्या चांगल्या कानाच्या बाजूला.