डोमाजींचं नवं हॉटेल

बोरी अरबच्या स्टँडजवळ डोमाजी मुनेश्वरांचं चहाचं हॉटेल. तिथल्या बाकड्यांवर मांडी ठोकून लोकांनी किती सोयरिकी जमवल्या आणि किती सरकारं पाडली, त्याला गणती नाही. मग सून रुपाली नागपुरातून इंटिरिअरचं शिकून आली. काचेचं दार बसलं, एसी लागला, फरशी आरशासारखी चमकायला लागली. बाकडी मागच्या अंगणात गेली आणि त्यांच्या जागी उंच, गोल, पाठ नसलेली स्टुलं आली.

पहिल्या सकाळी गिऱ्हाइकांनी ती फरशी पाहिली आणि मुकाट्यानं चपला दाराबाहेर काढल्या. आत येऊन स्टुलांवर चढले आणि पडू नये म्हणून मान खाली घालून गप्प बसले. डोमाजींना वाटलं, रुबाब म्हणतात तो हाच.

तेवढ्यात बाजाराला निघालेल्या मथुराबाई दारातला चपलांचा ढीग पाहून थबकल्या. काचेतून त्यांना ती मुकी माणसं दिसली. पदर तोंडाला लावून त्या आत आल्या.

"कवा गेले जी डोमाजी? काल तं बोलले माह्याशी."

"मी हाव ना इथं," गल्ल्यामागून डोमाजी म्हणाले.

"मंग हे सारे कायले बसले असे?"



दुपारी डोमाजींनी बाकडी बाहेर निंबाखाली मांडली. आता सगळा गलका तिथंच असतो. सुनेचं मन मोडू नये म्हणून आत एसीत डोमाजी एकटेच बसतात, तेही चपला बाहेर काढून.