चुलीत घातलेलं पान

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. अंगारा लावून परीक्षेला येणाऱ्या पोरांची मी वर्गात थट्टा करत आलोय. त्यामुळे हे लिहिताना ओशाळल्यासारखं होतंय... पण दहा वर्षं गप्प बसलो, आता पुरे.

सत्तावन्न साल असेल. नंदुरबारला मी नुकताच मास्तर म्हणून लागलो होतो. संध्याकाळी गल्लीतल्या बायका अंगणात मिरच्यांचे देठ खुडत बसायच्या. शाळा सुटली की मी त्यांना वाचनालयातली कादंबरी वाचून दाखवायचो — पुस्तकी मराठी तिथल्या तिथे अहिराणीत फिरवून. ठसका लागायचा, शिंका यायच्या, नायकाला शिव्या पडायच्या. इतके खूश श्रोते मला पुन्हा मिळाले नाहीत.

त्यांच्यातली भिमामाय मात्र हसायची नाही. तिची लेक सखू दोन वर्षांपूर्वी परजातीच्या पोराबरोबर खापर गावी निघून गेली होती. "मन्हासाठे ती मरी गई," असं भिमामाय चारचौघींत सांगायची. आणि आमच्या कादंबरीतली मुलगीही घर सोडून गेलेली! एकदा तिने हळूच विचारलं, "मास्तर, पोर घर येस का नही?"

शेवट मी आधीच वाचला होता. पोर नदीत जीव देते.

दुसऱ्या दिवशी मी चक्क थाप मारली. पोर दारात येते, म्हणते, "माय, मी उनू" — आई, मी आले. माय दार उघडते. बायकांनी टाळ्या पिटल्या. भिमामायने पदर तोंडाला लावला — हसत होती की रडत होती, कळलं नाही. पण त्याच आठवड्यात तिचा खापरला निरोप गेला : आखाजीले ये. अक्षय्य तृतीयेची ही आखाजी म्हणजे लेकींनी माहेरी यायचा सण.

मी घाबरलो. सखू यायच्या आत कुणी भिमामायला खरा शेवट वाचून दाखवला तर? शेवटचं पान फाडलं आणि चुलीत घातलं. ह्या हातांनी.

मग पुस्तक परत करायला गेलो. वाचनालय सांभाळणारे नाना परत आलेल्या पुस्तकाचं आधी शेवटचं पान बघायचे — तेच जास्त फाटतं म्हणून. त्यांनी उघडलं... आणि खो-खो हसले. "मास्तर, हाऊ पुनाना लेखक, याले आपली बोली कोनी शिकाडी?"

पान जागेवर होतं. छापील. "माय, मी उनू." तोच पिवळट कागद, खाली पानाचा आकडासुद्धा बरोबर.

आखाजीला सखू आली, नवऱ्यासकट. उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "भूक लागनी वं!" दिवसभर गल्लीत झोके, गाणी आणि आमरस.

माझ्या वाचनामुळे मायलेकी भेटल्या म्हणून लोकांनी माझं कौतुक केलं, ते मी मुकाट घेतलं. ते मला आतून टोचत राहिलं. गेल्या महिन्यात मात्र भिमामायपुढे सगळं ओकून टाकलं — थाप, चूल, सगळं. ते पान परत कसं आलं, मला आजही सांगता येत नाही. तिला त्याचं नवलही वाटलं नाही.

"थाप व्हती ते माले तवयच समजनं, भाऊ," ती म्हणाली. "त्या दिन तू पान पलटंच नही!"