झोकेबाई

आमच्या अंगणवाडीच्या बाईंनी 'वजन' हा शब्द तोंडातून कधी काढला नाही. तान्ह्या लेकराला जोखलं की दृष्ट लागते, अशी लिंबागणेशजवळच्या त्या गावातल्या बायकांची समजूत. म्हणून बाई लेकराला काट्याच्या झोळीत घालून हलकेच हलवायच्या आणि आईला म्हणायच्या, "झोका देते गं, जोखत न्हाई." गाव त्यांना झोकेबाईच म्हणायचं. मी त्यांच्यावरची पर्यवेक्षिका. आकडे बघायचे आणि कागद रंगवायचे, हे माझं काम.

त्या दुष्काळात विहिरी आटल्या, दुभती जनावरं छावणीत गेली. बाई घराघरांतून मूठ मूठ शेंगदाणे आणि गूळ मागून आणायच्या, लाडू वळायच्या. हे दारोदार फिरणं बरं दिसत नाही, असं मी सुनावलंही. "सोतासाठी मागाया लाज वाटती, मॅडम. लेकरासाठी कशाची आलीय?" त्यांची खरी काळजी होती गावातल्या मुक्ताची तान्ही लेक, छकुली. ती लाल गटात, म्हणजे तीव्र कुपोषित होती, रडायचंही बळ नव्हतं तिच्यात. एके दिवशी ती झोळीत भोकाड पसरून रडली. बाई हसल्या. "रडती म्हंजे पोट मागतंय."

दसरा झाला आणि ऊसतोडीला टोळी न्यायला मुकादमाचा ट्रक आला. बाई मुक्ताच्या दारात ठाण मांडून बसल्या. "छकुलीला माझ्यापाशी ठेव."

"अंगावर पिती ती, बाई. आन मी न्हाई गेले तर ह्यांना एकट्याला टोळीत कोन घेतंय?"

ऊसतोडीत नवराबायको मिळून एक कोयता धरतात, एकट्याला काम मिळत नाही. बाईंनी जवळची एक जादा झोळी मुक्ताला दिली. "कारखान्यावर अंगणवाडी आसंल. तिथं झोका घे, खाऊ माग."

नियमाप्रमाणे मी गेलेल्या लेकरांची नावं पटावरून कमी केली आणि लाल रकाना आपोआप रिकामा झाला. कुपोषण हटवलं म्हणून बाईंचा शाल-नारळ देऊन सत्कार झाला. शालीची घडीही न मोडता त्यांनी मला विचारलं, "गेली म्हंजे बरी झाली का, मॅडम?" मी म्हटलं, नियमच तसा आहे. ते आठवलं की आजही माझी मलाच चीड येते.

पाडव्याच्या सुमारास टोळी परतली. मुक्ता एकटीच अंगणवाडीत आली. धुऊन घडी केलेली झोळी तिनं बाईंपुढे ठेवली.

"तिथं झोका दिला न्हाई, बाई. गावच्या पटावर नाव हाय का, इचारलं त्यांनी फोनवर. छकुली नावाची पोरगीच न्हाई म्हनले. मंग थंडीत गेली ती."

तो फोन मी घेतला होता. पट उघडून, बोट फिरवून, नाही म्हणाले होते.

हे मी बाईंना कधीच सांगू शकले नाही. बाईंच्या निवृत्तीच्या दिवशी त्यांनी सगळं सामान माझ्या ताब्यात दिलं. सगळ्यांत वर तीच झोळी होती.

"लेकरांना झोका देत जावा, मॅडम," त्या म्हणाल्या. "तुमच्यावर भरोसा हाय."