ढाल आणि ढाळ

कोंडिबा सोसायटीच्या विहिरीवर पंप चालवायचे. शहाऐंशीच्या उन्हाळ्यात विहीर आटली, पंप बंद पडला आणि त्यांच्या हातात फक्त सहा कवड्या राहिल्या.

उमरग्याहून टँकरची दिवसाला एकच खेप येई. ती वरच्या वस्तीला की खालच्या, यावरून दोनदा काठ्या निघाल्या. तिसऱ्यांदा निघाल्या तेव्हा कोंडिबांनी आमच्या ओट्यावर कोळशानं किल्ला आखला.

"भांडायचं तर इथं भांडा," ते म्हणाले. "डोकी तरी शाबूत राहतील."

माझे यजमान सोसायटीचे सचिव. त्यांनी मान डोलावली.

खेळ कोंडिबांनीच रचलेला. प्रत्येक वस्तीचा एक गडी लढे; जिंकेल त्याच्या वस्तीला त्या दिवशीचा टँकर. त्याला तीन खडे म्हणजे तीन जीव, आणि नारळाची करवंटी म्हणजे ढाल. चार कवड्या उताण्या पडल्या की वार लागे, समोरच्याचा एक खडा जाई. करवंटी पुढं असेल तर पाच लागत. अगदीच जिवावर बेतलं तर कवड्या समोरच्याच्या मुठीत असतानाच 'ढाल' म्हणायचं. तो वार ढाल झेलणार, पण लागो न लागो, करवंटी गेली. आणि कवड्या टाकण्याला कोंडिबा 'ढाळणं' म्हणत. घात तिथंच होता.

त्या संध्याकाळी वरच्या वस्तीकडून वीरप्पा बसले, खालच्या वस्तीकडून गुलाबभाई. दोघांचा एकेक खडा उरला. वीरप्पांची करवंटी आधीच गेलेली. ते मूठ नुसती हलवत राहिले. टँकरवाल्यानं हॉर्न दिला.

"ढाल की वो आता," गुलाबभाई करवादले.

कवड्या पडल्या. दोनच उताण्या. वीरप्पांनी करवंटीकडं बोट केलं. "ढाल म्हणलास. काढ ती."

"ढाल न्हाय म्हणलो. ढाल म्हणलो."

वरच्या वस्तीचे लोक हसले. गुलाबभाईंच्या घरी दखनी बोलत. केळ्यालाही ते केलाच म्हणायचे. पण खालच्या वस्तीतलं कुणी हसलं नाही. त्यांच्यातल्या दोघांनी भिंतीशी टेकवलेल्या काठ्या उचलल्या.

सगळे कोंडिबांकडं बघू लागले. ते वरच्या वस्तीचेच, वीरप्पांचे शेजारी. त्यांच्या घरातला रांजणही कोरडाच होता.

"आप्पा," कोंडिबांनी वीरप्पांना विचारलं, "तुम्हाला काय ऐकू आलं?"

"याच्या तोंडात ळ न्हाय, म्हणून आमच्या लेकरांनी तहानलेलं राहायचं व्हय?"

कोंडिबांनी क्षणभर त्यांच्याकडं पाहिलं. "म्हणजे तिथं ळ होता. करवंटी राहू द्या."

वीरप्पांना आपण काय बोलून बसलो ते तेव्हा कळलं. त्यांनी कोंडिबांकडं रोखून बघितलं. काठ्या अजून हातातच होत्या.

गुलाबभाईंचा डाव वाया गेला. मग वीरप्पांनी कवड्या सोडल्या. चार. करवंटी नसती तर खेळ तिथंच संपला असता. गुलाबभाईंनी कवड्या उचलल्या, ओठ घट्ट मिटले आणि टाकल्या.

चार.

टँकर खालच्या वाटेला लागला आणि काठ्या परत भिंतीशी टेकल्या.

दुसऱ्या दिवसापासून कवड्या 'टाकायच्या' असं ठरलं. वीरप्पा कोंडिबांशी पुढचा पाऊस पडेपर्यंत बोलले नाहीत. घरी कोंडिबांच्या बायको लक्ष्मीबाई मात्र लगेच बोलल्या होत्या. मला त्यांनीच सांगितलं.

"म्या म्हणलं, तुमचा ळ आता हंड्यात भरा."